दिव्याखालचा अभ्यास आणि राहून गेलेली विश्रांती : नामदार गोपाळ कृष्ण गोखले



गोपाळ कृष्ण गोखले यांची एक गोष्ट आपण सगळेच वर्गात सांगतो. घरची गरिबी, दिव्याला तेल नाही, म्हणून लहानगा गोपाळ रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून रात्री अभ्यास करायचा. मीही ही गोष्ट दरवर्षी सांगायचे. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. शेवटी मी विचारायचे, सांगा बरं, यातून काय शिकलात? उत्तर ठरलेलं असायचं. रात्री जागून अभ्यास केला की माणूस मोठा होतो.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या वर्गातल्या एका मुलाने ही गोष्ट फारच मनावर घेतली. घरात लाईट गेली की मोबाईलची टॉर्च लावून तो बारा-एकपर्यंत बसायचा. सकाळी साडेपाचला उठून आईबरोबर पाणी भरायचा आणि मग शाळेत यायचा. महिनाभरात तो चिडचिडा झाला. येत असलेली गणितं चुकायला लागली. सराव परीक्षेत तर पेपरवर डोकं ठेवून चक्क झोपून गेला. त्याच्या आईला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, बाई, तुम्हीच ती गोष्ट सांगितली ना त्याला!

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी गोखल्यांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की आपण मुलांना त्या गोष्टीचा अर्धाच भाग सांगतो. उरलेला अर्धा भाग आपल्या डोळखांबच्या मुलांना आणि आपल्यालाही तितकाच गरजेचा आहे. तो आज इथे मांडते.

बालपण आणि शिक्षण

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता.

थोरले बंधू गोविंदराव तेव्हा स्वतःच शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडलं आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवत. पंधरातले आठ! आपल्याकडेही अशी घरं आहेत. मोठा भाऊ भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतो आणि धाकटी बहीण कॉलेजला जाते. त्यामुळे ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

भावाच्या या त्यागाची जाणीव गोपाळला होती. एकेक पैसा वाचवायचा आणि वेळ वाया घालवायचा नाही, ही सवय तेव्हापासून लागली. १८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं शिकत १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो पदवीधर झाला.

शिक्षक गोखले

पुढे वकिली करून किंवा सरकारी नोकरीत जाऊन गोखल्यांना भरपूर पैसा मिळवता आला असता. त्यांनी शिक्षक व्हायचं ठरवलं. १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला माणूस कमी पडेल तो विषय गोखल्यांकडे यायचा. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक पुष्कळ वर्षं शाळांमध्ये चाललं. कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचं कामही त्यांच्याकडेच असे.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांना गुरू म्हणून लाभले. रानड्यांची शिस्त कडक होती. सरकारी अहवालांचे गठ्ठे वाचायचे, आकडे काढायचे, टिपण लिहायचं, ते पसंत पडलं नाही तर पुन्हा लिहायचं. दिवसभर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हा अभ्यास. सोबत सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादन आणि आगरकरांच्या 'सुधारक'चा इंग्रजी भाग. एका माणसाच्या अंगावर तीन माणसांचं काम होतं. ते तरुण होते, शरीर साथ देत होतं, म्हणून काही वाटलं नाही. आपल्यातल्या किती जणांचं असंच चालतं! शाळा, ऑनलाईन माहिती, सर्वेक्षण, घरचं काम, आणि मग रात्री अकराला पेपर तपासायला बसायचं.

पहिला इशारा

१८९७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कसा खर्च होतो, याची ती चौकशी होती. वाटेत फ्रान्समधल्या काले बंदरावर ते पडले आणि छातीला जबर मार बसला. आपल्यामुळे सोबतच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ते दुखणं काही दिवस कोणाला सांगितलंच नाही. अखेर सहन होईना तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. जखम हृदयाच्या जवळ होती आणि जीवावर बेतण्यासारखी होती. सक्तीने अंथरुणावर पडून राहावं लागलं. बरं वाटताच ते आयोगापुढे उभे राहिले आणि त्यांची साक्ष गाजली.

त्याच दौऱ्यात मनावरही मोठा आघात झाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या सैनिकांच्या वागणुकीबद्दल आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडात तक्रार मांडली. मायदेशी परतल्यावर त्यांना पुरावा देता आला नाही, कारण पत्रं लिहिणारी माणसं पुढे यायला तयार नव्हती. गोखल्यांनी माफी मागितली. त्यावर इथे चहूकडून टीका झाली. हा अपमान त्यांना फार लागला. पण ते घरात बसले नाहीत. प्लेगच्या मदतकार्यात उतरले, रोग्यांची सेवा केली, आणि लोकांचा विश्वास पुन्हा मिळवला.

मुलांना सांगताना मी इथे मुद्दाम थांबते. दुखणं लपवणं हा काही मोठेपणा नाही, हे त्यांना सांगते. छातीतलं दुखणं असो की मनातलं, वेळेवर सांगितलं तर उपाय होतो.

कलकत्त्याचे दिवस

गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात आणि पुढे कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले. १९०२ मधलं त्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण ऐकून सरकारी अधिकारीही चकित झाले. गरिबाच्या मिठावरचा कर कमी करा, हे ते दरवर्षी आकडेवारी देऊन मांडत राहिले. १९०३ पासून हा कर टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. आपल्या आजी-पणजीच्या चुलीवरच्या भाकरीपर्यंत गोखल्यांचं काम असं पोहोचलं होतं.

१९०२ च्या सुरुवातीला तरुण गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर राहिले. गोखल्यांचं दिवसभराचं काम पाहून त्यांना आदर वाटला, तशी काळजीही वाटली. गोखले फिरायला जात नसत आणि सारखे आजारी असत. सार्वजनिक कामात व्यायामाला वेळच का मिळू नये, असं गांधीजींनी त्यांना सरळ विचारलं. फिरायला जाण्याइतका मोकळा वेळ मिळतोच कुठे, अशा अर्थाचं उत्तर गोखल्यांनी दिलं. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. मला हा प्रसंग वाचून गलबलून आलं, कारण हेच उत्तर मी माझ्या घरी देत असते.

सक्तीच्या शिक्षणासाठी लढा

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. आणि मग आलं ते काम, ज्याच्यासाठी आपण प्राथमिक शिक्षकांनी त्यांना रोज आठवायला हवं.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. तेच ब्रिटिश हिंदुस्थानात व्हावं म्हणून गोखल्यांनी १९१० मध्ये ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणलं. सुरुवातीला ६ ते १० वयाच्या मुलांसाठी, ज्या भागात शाळा पुरेशा आहेत तिथे, स्थानिक संस्थांमार्फत सक्ती करायची आणि महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या पालकांकडून फी घ्यायची नाही, इतकी साधी ती मागणी होती. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. विधेयक पडलं. हा पराभव त्यांनी शांतपणे घेतला.

आज ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या शहापूर-मुरबाडकडची कातकरी-ठाकर वस्तीवरची मुलं वीटभट्टीवरून परत आली की आपण त्यांना हक्काने वर्गात बसवतो, त्याची मागणी या माणसाने शंभर वर्षांपूर्वी केली होती.

शरीराने केलेला हिशोब

विधेयक पडलं त्याच वर्षी गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तोवर मधुमेहाने त्यांना गाठलं होतं. तिथे गांधीजींच्या टॉल्स्टॉय फार्मवर जायला स्टेशनपासून दीड मैल चालावं लागायचं. त्या दिवशी नेमका पाऊस आला आणि गोखल्यांना थंडी बाधली. फार्मवर सगळे जमिनीवर झोपायचे. पाहुण्यासाठी म्हणून एक खाट आणली होती. हे कळताच गोखल्यांनी खाट काढायला लावली आणि आजारी अंगाने जमिनीवरच अंथरूण घातलं. कोणाला पाय चेपू दिले नाहीत. ती रात्र गांधीजींच्या मनाला आयुष्यभर डाचत राहिली.

त्यानंतर सरकारी नोकऱ्यांच्या आयोगाचं काम आलं. गावोगाव साक्षी, बोटीचे प्रवास, कागदांचे ढीग. १९१४ मध्ये प्रकृतीसाठी ते फ्रान्सला गेले आणि तिथेच महायुद्धात अडकले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यात भेटायला आले. त्यांच्यासाठी ठेवलेला छोटा समारंभ गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर होता. गोखले हट्टाने तिथवर आले आणि भोवळ येऊन पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४८ वर्षं ९ महिने.

मधुमेह आणि दुबळ्या हृदयातून येणारा दमा ही त्यांची दुखणी होती. हृदयाच्या अशा दम्यात आडवं झालं की फुप्फुसात पाणी साचून जीव घुसमटतो. रोग्याला रात्री उठून बसावं लागतं. मधुमेहात साखर वाढली की लघवीसाठी रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं. म्हणजे ज्या शरीराला झोपेची सर्वांत जास्त गरज असते, त्याचीच झोप आजार हिरावून घेतो. तेव्हा मधुमेहावर इन्सुलिनही नव्हतं. त्याचा शोध १९२१ मध्ये कॅनडात लागला. गोखल्यांच्या हातात पथ्य आणि विश्रांती एवढेच उपाय होते, आणि विश्रांतीच त्यांनी घेतली नाही.

आजचं विज्ञान काय सांगतं?

गोखल्यांना मधुमेह जागरणामुळेच झाला, असं कृपया मुलांना सांगू नका. मधुमेहाला आनुवंशिकता, आहार, व्यायाम अशी अनेक कारणं असतात. पण झोप आणि शरीर यांचा संबंध आता प्रयोगांतून कळला आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची रक्तातली साखर वापरण्याची ताकद घटली. पुरेशी झोप मिळाल्यावर ती पुन्हा सुधारली. अपुऱ्या झोपेचा संबंध रक्तदाब, हृदयविकार आणि वाढत्या वजनाशीही आहे.

मनाचंही तसंच. ज्यांना दीर्घकाळ निद्रानाश आहे त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहून दिसलं आहे. काळजीने झोप उडते आणि झोप उडाली की काळजी वाढते. या चक्रातून बाहेर यायला कधी कधी डॉक्टरांची मदत लागते, आणि ती घेण्यात लाज नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मुलांसाठी तर झोप म्हणजे अभ्यासाचाच भाग आहे. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. मोठ्यांना किमान ७ तास.

आपल्या शाळेत आणि घरात काय करता येईल?

१. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभं करण्याआधी, रात्री किती वाजता झोपलास, असं शांतपणे विचारा. उत्तर मोबाईल असेल, शेजारच्या हळदीचा डीजे असेल, घरातलं भांडण असेल किंवा भट्टीवर रात्री आईबापाला केलेली मदतही असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

२. पालकसभेत साधा हिशोब मांडा. मूल सकाळी साडेपाचला उठत असेल, तर ९ तास झोपेसाठी रात्री साडेआठला झोपायला हवं. आमच्या सभेत हा हिशोब फळ्यावर लिहिला, तेव्हा आधी हशा पिकला आणि मग शांतता पसरली.

३. झोपण्याआधी तासभर मोबाईल बाजूला ठेवा. हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. आपण मोबाईल बघत बसलो तर मूल कसं झोपेल?

४. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. अशी मुलं दिवसा पेंगतात किंवा उलट फार दंगा करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा हे आवर्जून सांगा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. झोपेत चालणाऱ्या किंवा अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला चिडवू नका, मारू तर अजिबात नका.

५. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पालकांना हे कारण सांगा. नाहीतर वेळ उशिराची झाली म्हणून मुलं रात्री आणखी उशिरा झोपतात.

आता मी गोष्ट कशी सांगते

दिव्याखालच्या अभ्यासाची गोष्ट मी सोडलेली नाही. पण ती तिथे संपवत नाही. गोखल्यांकडून जिद्द घ्यायची, प्रामाणिकपणा घ्यायचा, भावाच्या कष्टाची जाण घ्यायची. आणि शरीराचं न ऐकल्यामुळे देशाने हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गमावला, हेही समजून घ्यायचं. अजून वीस वर्षं ते जगले असते तर कदाचित ते विधेयक पुन्हा आलं असतं. कदाचित आपल्या पणज्यांना अंगठा उठवावा लागला नसता.

तो शिष्यवृत्तीचा मुलगा आता संध्याकाळी, उजेड आहे तोवर, शाळेच्या ओट्यावर अभ्यास करतो. मीही अर्धा तास थांबते. रात्री नऊला तो झोपलेला असतो, असं त्याची आई सांगते. परवा तिने मला विचारलं, बाई, आणि तुम्ही किती वाजता झोपता?

या लेखाचं उरलेलं काम मी उद्या सकाळी करणार आहे.

विद्यार्थ्यांशी चर्चेसाठी प्रश्न

१. गोविंदरावांनी धाकट्या भावासाठी काय केलं? तुमच्या घरात असं कोण करतं?
२. पडल्यावर दुखणं लपवणं बरोबर होतं का? तुम्ही काय केलं असतं?
३. गोखल्यांच्या विधेयकाला किती मतं मिळाली? आज तो हक्क कोणाला मिळाला आहे?
४. सात दिवस तुमची झोपण्याची आणि उठण्याची वेळ वहीत लिहा. रोज किती तास झोप झाली ते काढा आणि आठवड्याची सरासरी काढा. (गोखले गुरुजींचा आवडता विषय, अंकगणित!)